जुन्या मापाची कवळी

"ही कवळी ज्या तोंडासाठी केलीय ना, ते तोंड आता शिल्लक नाही," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी अप्पांची वरची कवळी दिव्याखाली धरली, उलटी केली, सुलटी केली, अंगठ्यानं तिची कड चाचपली. "कुणी केली ही? कुठल्या मूर्खानं?"

मूर्ख तिथंच बसला होता. खुर्चीपासून हातभर अंतरावर, चाकाच्या स्टुलावर, मांडीवर वडिलांचा चष्मा आणि रुमाल सांभाळत. सव्वीस वर्षं मी कवळ्या करतोय. दुसरं काही मला येत नाही, आणि हे येतं ते इतकं चांगलं येतं की शहरातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात. हे मी म्हणत नाही, ह्याच बाई म्हणतात, फोनवर, काम घाईचं असलं की. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात खुर्चीत आडवे झालेले अप्पा बोलले. तोंडात दात नाहीत, त्यामुळे शब्द नुसते हवेवर. "स्टेशनच्या बाहेर एक माणूस बसतो. त्याच्याकडनं दोन महिन्यांपूर्वी करून घेतली. दोन दिवसांत देतो म्हणाला." ऐकलंत? एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, ज्यानं उभ्या आयुष्यात साध्या फॉर्मवरसुद्धा वय एका महिन्यानं चुकवलं नाही, तो छताकडे बघत धडधडीत खोटं बोलला. माझ्यासाठी. मला वाचवायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कवळ्या करणाऱ्याचा बाप स्टेशनबाहेरच्या माणसाकडून कवळी करून घेतो, हे कुणाला तरी पटेल का? बाईंनी कवळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझी एक सवय आहे. पुढच्या दोन दातांच्या शेजारचा दात मी किंचित वळवून बसवतो, म्हणजे कवळी कवळीसारखी दिसत नाही. ती सवय बाईंना पाठ आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." त्या "बरं"वर मी अजून जळतोय.

"काका, इकडे या. बघा जरा." मी काका. बाई तिशीच्या, मी चोपन्नचा, म्हणजे चूक काही नाही, पण त्या दिवशी तो शब्दही झोंबला. त्यांनी आरशाच्या दांडीनं अप्पांचा ओठ बाजूला केला. आता तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही, पण सव्वीस वर्षांत मी जिवंत तोंड आतून कधी नीट पाहिलेलं नाही. आमच्या कामात माणूस येतच नाही. डॉक्टर मऊ गुलाबी लगद्यात तोंडाचा ठसा घेतात, त्या ठशात प्लास्टर ओतलं की माणसाच्या हिरड्या पांढऱ्या दगडाच्या होऊन माझ्या टेबलावर येतात. त्यांच्यावर मी मेणात दात लावतो, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरतो, घासतो, चकचकीत करतो, डबीत घालून परत पाठवतो. ओलं काही नाही, दुखणारं काही नाही. आणि इथं हिरडीवर कवळीची कड रुतून चक्क चर पडला होता, कडेला पांढरा, मध्ये लाल, उजवीकडे आणि डावीकडेही. "दोन महिने हे याच्यावर चावतायत," बाई म्हणाल्या. "चावतायत कसले, नुसतं गिळत असणार."  

दोन महिन्यांत त्यांचं वजन सात किलोंनी उतरलं होतं. आम्ही काय काय केलं नाही! रक्त तपासलं, पोट तपासलं, यंत्रात घालून आडवे-उभे फोटो काढले. बायको रिपोर्ट आणायला गेली की मी कामावर हातातला दात तसाच धरून फोनची वाट बघायचो. मनात मी पुष्कळ पुढे गेलो होतो. कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं, ताईला परदेशातून कधी बोलवायचं, खाट कुठल्या खोलीत लावायची, आणि शेवटी, लाज वाटते सांगायला, त्यांचा कुठला फोटो मोठा करून घ्यायचा, इथपर्यंत. पोटात काही नाही, यकृतात काही नाही, मग असेल वयामुळे, असं सगळे म्हणाले. तोंड उघडून बघावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तोंडाचं काम करणारा माणूस घरात असताना ते कुणाला सुचणार? माझ्याच कवळीनं माझ्या बापाला उपाशी मारत आणलं होतं, आणि मी फोटो निवडत होतो.

बाईंच्या समोरच्या भिंतीवर एक पाटी होती. तळ्याचं चित्र, त्यावर धुकं, आणि खाली नक्षीदार अक्षरात, "आत्ताच्या क्षणात जगा." मी ती पाटी वाचली आणि ती उचलून फोडावी असं मला अगदी मनापासून वाटलं. हे एक नवीनच निघालंय. बायकोच्या फोनवर रोज सकाळी हेच येतं, मुलीच्या ऑफिसात त्याचा वर्ग भरतो, डोळे मिटून मनुका चघळायला लावतात म्हणे. अहो, दाढ ठणकत असलेला माणूस आत्ताच्याच क्षणात जगत असतो! त्याला काल आठवत नाही, उद्या सुचत नाही. विचारा त्याला कसं वाटतंय ते. मागचं सोडून द्या, पुढचं सोडून द्या, मधल्या टाचणीच्या टोकावर उभे राहा. ज्यांच्या मागे काही राहिलेलं नाही त्यांना हे सांगायला काय जातं? मी हे सगळं बाईंना ऐकवणारच होतो. पण बाई हात धूत होत्या, आणि अप्पा खुर्चीतून उतरायला पायानं जमीन शोधत होते, आणि त्यांचा चष्मा माझ्याकडे होता.

"आठ दिवस कवळी घालायची नाही," बाईंनी बजावलं. "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. मऊ खायचं. जखम भरली की नवीन माप घेऊ. नवीन, काय?" तो "काय" माझ्यासाठी होता.

रस्त्यात मी अप्पांच्या पुढे चाललो होतो. मला हळू चालता येत नाही, रागात तर नाहीच. चपलांच्या दुकानाशी थांबायचं, ते आले की पुन्हा निघायचं, औषधाच्या दुकानाशी थांबायचं. दुपारचं ऊन होतं, फुटपाथ उकरलेला होता, नळ टाकणारे लोक खड्ड्यात उतरून काम करत होते, आणि अप्पा खड्ड्यापाशी उभे राहून खालचा पाइप किती इंची आहे ते बघत होते. आता बोला! हिरडीला चर पडलेत आणि हे पाइप मोजतायत. मी मागे आलो. म्हटलं, "का नाही सांगितलंत? दोन महिने? तोंड नव्हतं का सांगायला?" त्यांनी नजर पाइपवरून काढली नाही. "म्हटलं, बसेल हळूहळू. नवीन असलं की लागतंच. पुढे सवय होते." पुढे. त्या एका शब्दानं माझ्या डोक्यात जे काही होतं ते एकोणीस वर्षं मागे गेलं. त्या भर रस्त्यात, आजूबाजूला माणसं असताना, मी ओरडलो, "पुढे! पुढे! आणखी किती पुढे?" खड्ड्यातल्या माणसानं मान वर करून बघितलं. अप्पा म्हणाले, "चल, उन्हात उभा राहू नकोस."

अप्पा नकाशे काढायचे. सरकारी बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या भिंती, दारं, जिने, खिडक्या आखल्या. आम्ही राहायचो त्या घराला स्वयंपाकघर होतं आणि त्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. एक दार, बस. दुपारी बारालाही बल्ब लावायला लागायचा. आई त्यात उभी असायची, पदरानं मान पुसत, फोडणी दिली की खोकत, आणि दर दोन-चार महिन्यांनी एकच मागणं मागायची, ही मागची भिंत फोडा आणि एक खिडकी काढा. पलीकडे मोकळी जागा होती, कुणाचं काही अडत नव्हतं. गवंडी येऊन बघून गेला होता, एका दिवसाचं काम म्हणाला होता. अप्पा काय म्हणायचे? "आता कशाला तोडफोड? पुढे आपलं नवीन घर होणारच आहे." आणि कपाटातून नळकांडं काढून नवीन घराचा नकाशा जमिनीवर पसरायचे. चार कोपऱ्यांवर चार वाट्या. त्या नकाशात आईला दोन खिडक्या होत्या, एक पूर्वेला, एक उत्तरेला. ओट्याची उंची तिच्या मापानं काढलेली होती. ते तिला विचारायचे, "भांडी घासायची जागा इकडे हवी की तिकडे?" ती आधी आधी खरंच सांगायची, इकडे. मग म्हणायची, कुठेही घाला. शेवटी शेवटी ती उत्तरच देत नसे, वाट्या उचलायला वाकायची, तिला भाजी वाढायला हव्या असायच्या. अठरा वर्षं तो नकाशा बदलत राहिला. जमीन कधी घेतलीच नाही. आई गेली ती एका सकाळी, हृदयानं, अर्ध्या तासात. स्वयंपाकघराचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच असणार. मी मात्र संबंध लावून ठेवला.

आणि ती गेल्यावर दहा महिन्यांनी मी एकदा कामावरून लवकर घरी आलो, तर स्वयंपाकघरात ऊन. फरशीवर चौकोनी ऊन पडलेलं, त्यात सिमेंटची धूळ, आणि भिंतीत खिडकी! गवंडी हात धूत होता. अप्पा पट्टी लावून चौकटीची पातळी बघत होते. मला म्हणाले, "झाली एका दिवसात." बस, एवढंच. मी काय बोललो? काही नाही. बूट काढले, हातपाय धुतले, चहा प्यायलो. त्या दिवशी बोलायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, ती पट्टी हिसकावून घ्यायला हवी होती. ती होती तेव्हा का नाही? हा एकच प्रश्न. तो मी तेव्हापासून तोंडात धरून आहे. दाढी करताना विचारतो, मेण वितळवताना विचारतो, कधी कधी रस्त्यात ओठ हलतात आणि लोक बघतात. मनातल्या मनात मी तो इतक्या वेळा, इतक्या तऱ्हांनी विचारलाय की अप्पांची उत्तरंही मीच देतो आणि ती खोडूनही मीच काढतो. प्रत्यक्षात आम्ही दोघं बोलतो ते एवढंच, पंखा लावू का, पेपर झाला का, औषध घेतलंत का. एका घरात. एका टेबलावर.

माझी बायको त्याच खिडकीपाशी रोज उभी राहते. तिथं तिनं कुंड्या ठेवल्यात, तिथंच ती चहा पिते. तिनं आईला पाहिलंय, चांगली आठ वर्षं पाहिलंय, त्या अंधारात तिच्या शेजारी उभी राहून कणीक मळलीय. तरी ती म्हणते, "मला आवडते ती खिडकी. तुमचं भांडण आहे तिच्याशी, माझं नाही." त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, स्टेशनच्या माणसासकट. मला वाटलं, हसेल. ती कुंडीतली माती उकरत होती, ती तशीच राहिली. म्हणाली, "घाबरतात ते तुम्हाला." मी म्हटलं, "काय?" "घाबरतात. एवढं कळत नाही तुम्हाला? तुम्ही चिडाल म्हणून सांगितलं नाही. सात किलो वजन गेलं तरी सांगितलं नाही. तुमचा चेहरा बघितलाय का कधी त्यांच्यासमोर?" मी म्हणालो की उलटं आहे, मीच आयुष्यभर त्यांना घाबरत आलोय. "असेल," ती म्हणाली. "ते तेव्हा. आता ते एक्क्याऐंशीचे आहेत. तुम्ही कुठल्या अप्पांशी भांडताय? ते कधीच गेले." मग ती कामाला लागली. ही बाई अशी आहे. वार करते आणि कांदा चिरायला घेते.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि पहिल्यांदा मांडणीपाशी गेलो. आमच्याकडे भिंतभर मांडण्या आहेत. त्यावर प्लास्टरच्या हिरड्या ओळीनं, प्रत्येकीच्या बुडाला पेन्सिलीनं नाव आणि तारीख. सगळ्यात वरच्या फळीवर अप्पांचं माप होतं, दोन वर्षांपूर्वीचं. दात काढल्यावर हाड झिजतं, हिरडी आक्रसते. पहिल्या वर्षात तर तोंड महिन्यामहिन्याला बदलतं. जुन्या मापावर काम करायचं नाही, हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात. चार महिने जुनं माप पाठवलं म्हणून मी मोठमोठ्या डॉक्टरांना फोनवर झापलंय. "माणूस बदललाय, डॉक्टर, मी दगडावर काय करू?" हे माझे शब्द. आणि दोन महिन्यांपूर्वी अप्पांची पहिली कवळी बेसिनमध्ये पडून तडकली, तेव्हा मीच ऐटीत म्हणालो, "माप आहे माझ्याकडे. देतो करून." दोन दुपारी बसून केली. झकास झाली होती, त्या दगडावर अशी गच्च बसली होती की हवेलासुद्धा जागा नव्हती. घरचंच काम आहे, म्हणून मी नवीन माप घ्यायचं टाळलं, असं मी त्या सकाळी स्वतःला सांगितलं. खोटं. बापलेक दोघंही खोटं बोलण्यात पटाईत. खरं असं की नवीन माप म्हणजे त्यांना हाताला धरून न्यायला लागलं असतं, शेजारी बसायला लागलं असतं, तास दीड तास. अप्पांशिवाय अप्पांची कवळी होत होती, ते मला सोयीचं होतं. मी तो दगड खाली काढला आणि फरशीवर आपटला. तो फुटला नाही, नुसता टवका उडाला. तेवढंही धड जमलं नाही. पलीकडच्या टेबलावरचा माझा सोबती, आम्ही त्याला मुनी म्हणतो कारण तो दिवसाला चार वाक्यं बोलतो, म्हणाला, "झाडू कोपऱ्यात आहे."

ते आठ दिवस मी कधी विसरणार नाही. दात नसलेला माणूस जेवताना बघितलाय? नाक आणि हनुवटी जवळ येतात, गाल आत जातात, सगळा चेहरा लहान होतो. अप्पा दुधात पाव भिजवायचे, तो मऊ होईपर्यंत वाट बघायचे, मग चमचा तोंडाशी नेताना डावा हात हनुवटीखाली धरायचे, की सांडू नये. त्यांना कुणी बघितलेलं नको होतं. मी बघत होतो. मी इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसून जेवलो आणि कधी बघितलं नव्हतं, की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आता सरळ होत नाही, की ते घास घेण्याआधी प्रत्येक वेळी थोडं थांबतात, की सदऱ्याची वरची दोन बटणं लावलेलीच नसतात कारण लावता येत नाहीत. बघितलं आणि राग आला. दया आली असती तर बरं झालं असतं, मी जरा बरा माणूस ठरलो असतो. पण रागच आला. ज्या माणसाशी भांडायची मी एवढी तयारी केली तो हा नव्हे! मला तो हवा होता, ताठ मानेचा, पट्टी हातात घेतलेला, जो "आता कशाला तोडफोड" म्हणायचा. त्याच्या जागी हा कोण आणून बसवलाय, दुधात पाव भिजवणारा? ह्याला कसं विचारू? चौथ्या दिवशी ते म्हणाले, "खालचीही सैल झालीय तशी. पण असू दे. चालेल." मी म्हटलं, "चालेल काय म्हणून? दोन्ही नवीन होणार." माझा आवाज चढला. त्यांचा चमचा तिथंच थांबला. ते मी बघितलं, त्यांचा तो थांबलेला चमचा. बायको खरं बोलली होती.

नवव्या दिवशी सकाळी पुन्हा तीच खुर्ची, तीच पाटी. बाईंची मदतनीस आली नव्हती आणि शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी गाल धरून रडत होती. "काका, लगदा मी कालवून बसवून देते. धरायचं तुम्ही," बाई म्हणाल्या. "दोन-अडीच मिनिटं. अजिबात हलू द्यायचं नाही. हललं तर माप वाया." मी म्हणालो, मी हे कधी केलेलं नाही. त्या म्हणाल्या, "माहितेय मला." आणि माझ्याकडे हातमोजे टाकले. लगदा भरलेला ट्रे त्यांनी अप्पांच्या तोंडात घातला, वर दाबला, माझी दोन बोटं धरून आत नेली आणि ट्रेवर टेकवली. "असं. दाब सारखा ठेवा." आणि गेल्या रडणाऱ्या मुलीकडे.

माझी बोटं माझ्या बापाच्या तोंडात होती. गरम होतं आत. मोज्यातूनही कळत होतं. त्यांचा वरचा ओठ माझ्या बोटांवर ताणलेला, खोबणीत बसलेले डोळे माझ्या डोळ्यांखाली वीतभर अंतरावर, आणि ते माझ्याकडेच बघत होते, कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती. आणि मला एकदम कळलं की हीच ती वेळ. ते उठून जाऊ शकत नाहीत. पाइप बघू शकत नाहीत. "चल, उन्हात उभा राहू नकोस" म्हणू शकत नाहीत. एकोणीस वर्षांत हा माणूस असा माझ्या हाती लागला नव्हता.  मी म्हणालो, "अप्पा, एक विचारायचंय. खिडकीचं." त्यांच्या भुवया हलल्या. "ती होती तेव्हा का नाही काढलीत? एका दिवसाचं काम होतं. अठरा वर्षं ती त्या अंधारात उभी होती, आणि तुम्ही तिला कागदावरच्या खिडक्या दाखवत होतात. मग ती गेल्यावर कुणासाठी काढलीत? सांगा ना. कुणासाठी?" आवाज दबका होता, पण होता तो. बोलता बोलता मी दाब वाढवला असणार. आणि बोलता बोलताच मला समजलं की मी किती भेकड माणूस आहे. सबंध जन्मात हा प्रश्न विचारायला मी अशी वेळ निवडली होती की ज्या वेळी त्यांना उत्तर देता येणार नाही. मला उत्तर नकोच होतं. उत्तर आलं असतं तर मी पुढे काय करणार होतो?

अप्पांच्या घशातून आवाज आला. आधी मला वाटलं, बोलतायत. मग त्यांचा गळा वर उचलला गेला, छाती ताठली, डोळे पाण्यानं भरले. त्यांना उमासा येत होता. लगदा मागे घशाकडे सरकला असणार. त्यांच्या हातानं माझ्या शर्टाची बाही पकडली, तो न सरळ होणारा अंगठा माझ्या दंडात रुतला. मी ओरडलो, "बाई!" पलीकडून बाई ओरडल्या, "सोडू नका! मान पुढे घ्या त्यांची. नाकानं श्वास घ्यायला सांगा. आणि एक पाय वर उचलायला लावा, लक्ष तिकडे जातं!" मी एका हातानं ट्रे धरला, दुसऱ्यानं त्यांचं डोकं पुढे घेतलं. माझ्या छातीशी आलं ते. केस विरळ, टाळू गरम. "नाकानं. अप्पा, नाकानं घ्या श्वास. हळू. पाय उचला. एक पाय उचला वर." आणि त्यांनी उचलला! काय, कशासाठी, काही न विचारता, एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसानं डॉक्टरच्या खुर्चीत बसून शहाण्या मुलासारखा डावा पाय सरळ हवेत उचलून धरला. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. पाय लटलटत होता, आणि तरी ते खाली सोडत नव्हते, कारण मी सांगितलं होतं. "हां, असाच. आत घ्या. सोडा. आत घ्या." त्यांची लाळ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आली. मी त्यांच्याबरोबर श्वास मोजत होतो. राग गेला म्हणाल तर मुळीच नाही, तो होता तिथंच होता, पण माझे दोन्ही हात कामात होते आणि त्या पायाकडे बघत राहायचं होतं. तो खाली आला असता तर लक्ष परत घशाकडे गेलं असतं. "आणखी थोडं. आता थोडंच राहिलंय. घ्या आत."

बाई आल्या, कडेचा लगदा बोटानं दाबून बघितला आणि ट्रे झटक्यात ओढून काढला. पाय धप्पकन खाली आला. बाईंनी ठसा माझ्या हातात दिला आणि त्या खालच्यासाठी लगदा कालवायला लागल्या. मी तो उजेडात धरला. गुलाबी, ओला, अजून कोमट. रोज दहा येतात माझ्याकडे असे, मला एका नजरेत कळतं. हिरडीची कड कितीतरी खाली गेली होती, उजवीकडे तर जवळजवळ सपाट झाली होती, आणि जखमेच्या जागी बारीक रेघ अजून दिसत होती. मी ज्याच्यावर दात बसवले होते तो हा माणूस नव्हता. एवढंसं तोंड. ह्यावर कवळी टिकवायची म्हणजे मला सगळी कड नव्यानं बांधायला लागणार, दात लहान घ्यायला लागणार, चावण्याचा जोर पुढच्या दातांवरून मागे आणायला लागणार. मी मनात कामाला लागलोसुद्धा.

अप्पांनी सावकाश हनुवटी पुसली, डोळे पुसले. रुमालाची घडी घातली. श्वास अजून लागत होता. मग ते खुर्चीत जरा सरळ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि माझ्याकडे बघून त्या बिनदातांच्या तोंडानं म्हणाले, "तू खिडकीचं विचारत होतास."

ते सांगणार होते. दिसत होतं ते. 

"ते राहू दे," मी म्हणालो. "तोंड उघडा. खालचं राहिलंय."